विश्लेषण : धान्य फुकट, तरी लेकरांचे ताट अपुरे का?

शेगाव तालुक्यातील काही गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस मुठीने गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडत होते. आधी संशय खारपाणपट्ट्यातील पाण्यावर गेला. आयसीएमआरचे पथक गावात येऊन नमुने घेऊन गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये, विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून वेगळा निष्कर्ष मांडला. रेशनवर आलेल्या परराज्यातील गव्हात सेलेनियम फार जास्त होते आणि बाधितांच्या रक्तात जस्त कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते.

केसगळतीची चर्चा यथावकाश ओसरली. पण गव्हाचा एक साठा एवढा महत्त्वाचा ठरू शकतो, याचा अर्थ ताटात गव्हाखेरीज फारसे काही नाही. बुलढाणा जिल्ह्यातील हातावर पोट असलेल्या घरांचा खरा पेच हाच आहे.

फुकट धान्याने किती भागते?

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबाला एकत्रित ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ५ किलोला ३० दिवसांनी भागले की रोजचे साधारण १६५ ग्रॅम होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये सुधारित आहारसूत्रे जाहीर केली. त्यात २००० कॅलरीच्या ताटात धान्य २५० ग्रॅम धरले आहे. म्हणजे धान्याची दोन-तृतीयांश गरज रेशनवर भागते. ही छोटी गोष्ट नाही.

अडचण उरलेल्या ताटाची आहे. त्याच सूत्रात डाळी-कडधान्ये (किंवा अंडी-मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध ३०० मिलिलीटर, शेंगदाण्यासारख्या तेलबिया ३५ ग्रॅम आहेत. यातले रेशनवर जवळपास काहीच नियमित मिळत नाही. एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून जास्त धान्यातून येऊ नये, असे संस्था सांगते. देशात प्रत्यक्षात हे प्रमाण ५० ते ७० टक्के आहे. पोट भरते, भूक भागते, आणि तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि ६८.९ टक्के रक्तक्षयी आढळतात. आधीच्या फेरीत रक्तक्षयी मुले ५३.८ टक्के होती.

म्हणून तंग बजेटचा पहिला हिशेब सरळ आहे. धान्य मिळत असेल, तर हातात उरणारा रुपया पुन्हा धान्यात घालायचा नाही.

केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याचे काय?

शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत बुलढाणा येतो. या जिल्ह्यांतील केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून २ रुपयांनी गहू आणि ३ रुपयांनी तांदूळ मिळत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी खात्यात रोख रक्कम जमा होऊ लागली. आधी माणशी महिना १५० रुपये होते, पुढे १७० झाले.

१७० रुपयांत काय येते? ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ३६९९ रुपये आहे. त्या भावाने साडेचार किलो ज्वारी येते, दुकानातून घेतली तर त्याहून कमी. म्हणजे ही रक्कम जेमतेम धान्याची भरपाई करते, डाळीसाठी काही उरत नाही. शिवाय खात्यात आलेला पैसा औषध, मोबाइलचा रिचार्ज, बियाण्याची उधारी यांत कधी मिसळतो हे कळतही नाही. पोत्यातला गहू निदान घरातच राहायचा. ज्यांच्या शेतात वर्षाची ज्वारी-गहू निघतो, त्यांनी ही रक्कम ‘डाळीचे पैसे’ म्हणून बाजूला काढली, तर पाच माणसांच्या घरात महिन्याला ८५० रुपये होतात आणि मग चित्र बदलते.

प्रथिने इथेच पिकतात, मग ताटात का नाहीत?

सोयाबीन हे जिल्ह्याचे खरिपातील मुख्य पीक आहे. घाटाखाली आणि घाटावर, दोन्हीकडे ज्वारीची जागा त्याने घेतली. ज्वारी गेली तशी भाकर गेली, कडबा गेला, कडब्यावरची म्हैसही कमी झाली. सोयाबीन मात्र घरात येत नाही. ते थेट बाजार समितीत जाते आणि तेल-ढेप होऊन परत येते.

२०२५-२६ च्या हमीभावावर हिशेब मांडला, तर १०० रुपयांच्या सोयाबीनमध्ये (क्विंटलला ५३२८) साधारण ७०० ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच पैशांच्या हरभऱ्यात (५६५०) सव्वातीनशे ग्रॅम आणि तुरीत (८०००) अडीचशे. अंडे सात रुपयांना धरले तर ९० ग्रॅमच्या आसपास. बाजारात सोयाबीन बहुतेकदा हमीभावाच्याही खाली विकले जाते, हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

कच्चे सोयाबीन मात्र तसेच दळायचे नसते. त्यातील काही घटक प्रथिने पचू देत नाहीत. दाणे वीस-पंचवीस मिनिटे उकळून, उन्हात कडक वाळवून मग दळणात टाकावेत. नऊ किलो ज्वारी किंवा गव्हाला एक किलो सोयाबीन पुरते. त्याहून जास्त टाकले तर वास येतो आणि मुले भाकर बाजूला सारतात. महिन्याला ३० किलो दळण असलेल्या घरात तीन किलो सोयाबीन म्हणजे दीडशे-पावणेदोनशे रुपये. त्यातून पाच माणसांना रोज माणशी पाच ग्रॅम, म्हणजे जवळपास एका अंड्याएवढी प्रथिने वाढतात. पेरणीतून उरलेले, औषध लावलेले बियाणे यासाठी चुकूनही वापरू नये.

वऱ्हाड-खानदेशातील कळण्याची भाकर हेच करत आली आहे. ज्वारीत उडीद मिसळायचा. धान्यात लायसिन हा प्रथिनांचा घटक कमी पडतो, तो डाळीतून मिळतो. खिचडी, ज्वारीच्या कण्या आणि वरण, फुणके ही सगळी त्याच जोडीची रूपे आहेत.

पाच रुपयांचा पुडा स्वस्त का वाटतो?

आईला विचारले तर उत्तर ठरलेले असते : ‘दुसरं काही खातच नाही तो.’ याकडे हट्ट किंवा लाड म्हणून पाहिले जाते. पण त्यामागे पैशांचे गणितही आहे. अमेरिकेतील बोस्टन परिसरात समाजशास्त्रज्ञ कॅटलिन डॅनियल यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की कमी उत्पन्नाचे पालक मुलांना नवी भाजी देणे टाळतात, कारण मुलाने ती टाकली तर पैसे वाया जातात. मुलाला नवी चव रुजायला आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ती समोर यावी लागते. तेवढ्या वेळा अन्न टाकून देणे मजुरीवरच्या घराला परवडत नाही. मग हमखास संपणारा पुडा आणला जातो.

यावर उपाय स्वयंपाकातच आहे. मुलासाठी वेगळे काही करायचे नाही. मोठ्यांच्या ताटातली मेथी किंवा आंबाडी एक घास, चमचाभर, रोज त्याच्या ताटात ठेवायची. खाल्ली तर खाल्ली, नाही तर मोठ्यांनी संपवायची. वाया काही जात नाही आणि आठ-दहा वेळा सहज होतात. काय आणि केव्हा वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती खायचे हे मुलाने, अशी वाटणी अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडली आहे. जबरदस्तीचा घास आणि ‘भाजी संपव, मग कुरकुरे’ हा सौदा, दोन्ही त्या वाटणीत बसत नाहीत.

दोन मुलांना रोज एकेक पाचाचा पुडा म्हणजे महिन्याला ३०० रुपये. गावातल्या भावात थोडा फरक धरूनही तेवढ्यात १५ अंडी, दीड किलो हरभरे आणि अर्धा किलो शेंगदाणे बसतात. फुटाणे-गूळ, ज्वारीच्या लाह्या, भिजवलेले हरभरे हा मधल्या वेळचा खाऊ शाळेच्या दप्तरातही राहतो. लहान मुलांना फुटाणे-शेंगदाणे घशात अडकू शकतात, त्यांना कुटूनच द्यावेत.

आणि चहा. सकाळी चहात पोळी किंवा टोस्ट बुडवून देणे इथे घरोघरी चालते. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा नको. उलट वरणावर लिंबू पिळले तर तेच लोह जास्त शोषले जाते.

भाजी महाग झाली तर?

आठवडी बाजार उठताना संध्याकाळी भाव उतरतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. शेवग्याचे एक झाड दारात असले तर पाला वर्षभर मिळतो. पण शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर परसबाग नीट येत नाही. तिथे पावसाळ्यातच भाजी लावून घ्यावी लागते. तांदुळजा, घोळ, चिवळ या रानभाज्या पावसात फुकट मिळत. आता तणनाशक मारलेल्या सोयाबीनच्या शेतात त्या उगवत नाहीत, आणि उगवल्या तरी खुडू नयेत. बांधावरच्या, फवारणी न पोहोचणाऱ्या जागेच्याच घ्याव्यात.

शाळा आणि अंगणवाडीवर किती भिस्त ठेवावी?

पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळेत १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. धान्य सोडून बाकी साहित्यासाठी मे २०२५ पासून मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आहेत. आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकसहभागाकडे बोट दाखवले. अंगणवाडीतील बालकासाठी रोज ८ रुपये हा दर २०१७ मध्ये ठरला. शाळेतले जेवण हे घरच्या जेवणाला पर्याय नाही, पण ज्या दिवशी मुलगा डबा नेतो म्हणून ते टाळतो, त्या दिवशी घराचेच नुकसान होते.

घरचे खाणे कधी पुरत नाही?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत पट्टीने मोजतात. १२.५ सेंटिमीटरच्या खाली मध्यम आणि ११.५ च्या खाली तीव्र कुपोषण समजले जाते. दोन्ही पायांवर सूज असली तर घेर कितीही असो, मूल थेट दवाखान्यात न्यावे. तीव्र कुपोषणासोबत ताप, जुलाब किंवा भूक मेल्याचे लक्षण असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावे लागते. सोयाबीन निघण्याआधीचे भाद्रपदातले दिवस, घरात पैसा सर्वांत कमी असतो तेव्हाचे, हे मोजमाप चुकवू नये असे आहेत.