दिलेले नाव

हजेरी घेणे हे प्राध्यापकाच्या पेशातले सर्वांत नीरस काम, असे मला कित्येक वर्षे वाटत असे. हा समज एका कवितेने घालवला. पण त्याआधी माझ्या हातून एक चूक व्हायची होती.

प्रवेशाचे अर्ज तपासत होतो. एका मुलाने वडिलांच्या नावाची जागा कोरी सोडली होती. "अरे, हे राहिलंय की!" मी भर रांगेत मोठ्याने म्हणालो. मान खाली घालून तो उत्तरला, "राहिलं नाही, सर." मागची पोरे हसली. मला मात्र 'चुकलो' एवढा शब्दही सुचला नाही.

पुढे त्याच वर्गाला नारायण सुर्वे शिकवायचे आले. सुर्व्यांचे बालपण आपण सारे ऐकून असतो. 1926 साली मुंबईच्या गिरणगावात टाकून दिलेले हे मूल गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने उचलून घरी आणले. गंगाराम आणि काशीबाई या दांपत्याने त्याला वाढवले, शाळेत घातले आणि आपले नाव दिले. पुढे निवृत्त होऊन गंगाराम कोकणात गावी गेले नि पोर मुंबईत एकटे उरले. मग घरगडी, हॉटेलातला पोऱ्या, गिरणीकामगार, शाळेचा शिपाई अशी एकेक पायरी चढत ते महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. 1962 साली 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 1966 साली 'माझे विद्यापीठ' हे संग्रह आले. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2010 साली ते गेले.

दुःखाने माणूस कवी होतो, असे आपण सहज बोलून जातो. मला ते पटत नाही. गिरणगावात पोरकी मुले काय थोडी होती? सुर्व्यांना घडवले ते टाकून देणाऱ्या हातांपेक्षा उचलून घेणाऱ्या हातांनी, असे मला वाटते. म्हणूनच त्यांच्या कवितेत फिर्याद कमी आणि माणसांची वर्दळ फार. आपल्याला जे मिळाले, ते जणू ते दुसऱ्यांना वाटत सुटले आहेत.

त्यांची एक कविता आहे. समाजाने वाळीत टाकलेली एक आई मुलाचे नाव शाळेत घालायला येते. बापाचे नाव विचारताच ती मास्तरांनाच त्यांचे स्वतःचे नाव लिहायला सांगते. ज्याला एका परक्याने आपले नाव दिले, तोच पुढे नावे लिहून घेणाऱ्या टेबलामागे बसला होता. त्या बाईचे बोलणे त्याच्याइतके कुणाला कळणार?

वर्गात ही कविता वाचताना माझा आवाज अडला. त्या मुलाच्या बाकाकडे मी पाहिले नाही. तास संपल्यावर तोच टेबलाशी आला. "सर, पुस्तक मिळेल?"

मी माझी प्रत त्याच्या हाती ठेवली आणि महिनाभर राहून गेलेले बोललो, "त्या दिवशी माझं चुकलं, बाळ."

तो काही बोलला नाही. पुस्तक छातीशी धरून गेला. ते अजून परत आलेले नाही, मीही मागितलेले नाही. हजेरी मात्र आता मी सावकाश घेतो.