घरच्या घरी भुवया कोरताना

भुवयांचे वेडेवाकडे वाढलेले केस घरीही नीट करता येतात. मात्र एकाच जागचे केस वारंवार मुळापासून उपटल्यास ते कायमचे उगवेनासे होऊ शकतात. म्हणून आधी मर्यादा आखावी. नाकपुडीच्या कडेला पेन्सिल उभी धरावी. तेथे भुवईचा आरंभ. तीच डोळ्याच्या बाहेरील कोपऱ्याकडे तिरकी केली, की शेवट कळतो. स्नानानंतर त्वचा मऊ असताना या रेषांबाहेरचे व भुवईखालचे केसच स्वच्छ प्लकरने, वाढीच्या दिशेने, एकेक करून काढावेत. लांब केस उपटू नयेत. ते वर विंचरून फक्त टोके कापावीत. चूक भरून येण्यास काही महिने लागतात. भुवया आपोआप विरळ होत असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडच्या विकारातही असे होते.