पालेभाजी, प्रकाश आणि पोषण

पालेभाजी हिरवीगार दिसली म्हणजे ती पोषकही असणारच, असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु पानांचा कस केवळ खतपाण्यावर ठरत नाही. पिकाला प्रकाश किती मिळाला, यावरही तो अवलंबून असतो. बंदिस्त जागेत भाजीपाला पिकविण्याचे प्रयोग शहरांतून होऊ लागले असल्याने ही बाब समजून घेणे अगत्याचे आहे.

नेदरलँड्समध्ये डिसेंबर महिन्यात दिवस जेमतेम ८ तासांचा असतो. तेथील काचगृहांत लेट्यूससारख्या पिकांना दिव्यांचा पूरक प्रकाश देतात. पूर्वी यासाठी सोडियमचे दिवे वापरीत. आता एलईडी दिव्यांचा प्रसार होत आहे. या दिव्यांतून हव्या त्या रंगाचा प्रकाश निवडता येतो. तांबडा प्रकाश पिकाच्या अन्ननिर्मितीस विशेष उपयोगी पडतो, तर निळ्या प्रकाशामुळे रोप लांबट न होता आटोपशीर राहते.

प्रकाशाचा दुसरा परिणाम मात्र डोळ्यांना दिसत नाही. मुळे जमिनीतून नत्र मुख्यत्वे नायट्रेटच्या रूपात शोषून घेतात. त्यापासून प्रथिने तयार होण्याची क्रिया प्रकाशात वेग घेते. प्रकाश अपुरा पडला की नायट्रेट पानांत साचून राहते आणि 'क' जीवनसत्त्वही घटते. नायट्रेटपासून शरीरात तयार होणारे नायट्राइट तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी करू शकते. म्हणूनच युरोपीय संघाने लेट्यूसमधील नायट्रेटवर मर्यादा घातली आहे. आइसबर्ग प्रकार वगळता, आच्छादनाखालील पिकासाठी ती किलोमागे उन्हाळ्यात ४,००० व हिवाळ्यात ५,००० मिलिग्रॅम आहे. हिवाळ्यातील सवलत मंद प्रकाशामुळेच द्यावी लागली.

अर्थात प्रकाश वाढविण्यासही मर्यादा आहेत. वाढ फार झपाट्याने झाल्यास लेट्यूसच्या कोवळ्या पानांना कॅल्शियम पुरत नाही व त्यांच्या कडा करपतात. शिवाय विजेचा खर्च वाढतो तो वेगळाच.

महाराष्ट्रात सूर्यप्रकाश विनामूल्य व मुबलक आहे. तेव्हा शाळेच्या परसबागेतील पालेभाज्यांचे वाफे इमारतीच्या किंवा झाडांच्या दाट सावलीत नसावेत. युरियाची मात्रा बेताची ठेवावी. सायंकाळी तोडलेल्या भाजीत पहाटेच्या मानाने नायट्रेट सामान्यतः कमी असते, हेही ध्यानात घ्यावे. दिव्यांचा विचार ऊन पोहोचत नसेल तेथेच करावा. मुलांच्या ताटातील भाजी नुसती हिरवी नव्हे, तर सकस असावी, हाच यामागील हेतू होय.