नावाच्या शेवटचा एस

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी, जबलपुरातील नेपियर टाउनच्या आमच्या घरी, नात इतिहासाचा इंग्रजी निबंध लिहीत बसली होती. १८१७ च्या डिसेंबरात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव होऊन हे शहर कंपनी सरकारच्या हाती गेले, त्या वेळी गव्हर्नर जनरलच्या पदावर लॉर्ड हेस्टिंग्ज होते. ‘हेस्टिंग्जचे धोरण’ एवढे दोनच शब्द इंग्रजीत उतरविताना तिची लेखणी अडली. ‘‘आजोबा, नावाच्या शेवटी एस आहेच, मग अपोस्ट्रॉफी देऊन थांबू, की पुढे आणखी एक एस काढू?’’

हा प्रश्न केवळ शाळकरी मुलांचा नव्हे. २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅन्सस राज्याच्या देहान्त शासनाच्या कायद्यासंबंधी निकाल दिला, तेव्हा बहुमताचा निर्णय लिहिणाऱ्या न्यायमूर्ती थॉमस यांनी, ज्यांचे स्वतःचे नावही एसनेच संपते, ‘कॅन्ससचा’ हा अर्थ नुसत्या अपोस्ट्रॉफीने व्यक्त केला आणि विरुद्ध मत नोंदविणाऱ्या न्यायमूर्ती सूटर यांनी त्यापुढे दुसरा एस लिहिला. एकाच खटल्याच्या दफ्तरात एकाच नावाची षष्ठी अशी दोन प्रकारे नमूद झाली.

हे चिन्ह समजून घेण्यासाठी मराठी वाचकाला फार दूर जावे लागत नाही. पोथीत ‘सोऽहम्’ किंवा ‘प्रथमोऽध्यायः’ लिहिताना लुप्त झालेल्या अकाराच्या जागी आपण अवग्रह देतो. अपोस्ट्रॉफीही मूळचा तसाच लोपाचा दर्शक असून सोळाव्या शतकात तो फ्रेंचांच्या अनुकरणाने इंग्रजीत आला. प्राचीन इंग्रजीत पुष्कळ नामांच्या षष्ठीला ‘एस्’ असा प्रत्यय लागत असे. त्यातला स्वर कालांतराने बहुतेक शब्दांच्या उच्चारातून गळाला, आणि गळालेल्या स्वराची ही खूण हळूहळू स्वामित्वाचीच खूण होऊन बसली. तो सकारही आपल्या गोत्रातलाच आहे. संस्कृतातल्या ‘रामस्य’मधील प्रत्ययाशी त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात, आणि ‘रामस्य’चे प्राकृत रूप ‘रामस्स’, त्याचाच अवशेष आपण ‘रामास’ म्हणताना आजही उच्चारतो, असे मानले जाते.

आता नाव मुळातच सकारान्त असले की नावाचा सकार आणि षष्ठीचा सकार एकमेकांना भिडतात, आणि सारी अडचण तेथे उत्पन्न होते. इंग्रज बोलताना बहुधा दोन्ही राखतो. तो ‘जेम्सिझ’ म्हणतो, ‘हेस्टिंग्जिझ’ म्हणतो, म्हणजे मध्ये गळालेला स्वर पुन्हा जागा करतो. म्हणून अमेरिकेत स्ट्रंक यांनी १९१८ साली आणि इंग्लंडात फाउलर यांनी १९२६ साली आपापल्या लेखनमार्गदर्शक ग्रंथांत दुसरा एस लिहिण्याच्या बाजूने कौल दिला. येशूचे नाव आणि प्राचीन ग्रीकांची काही नावे तेवढी, जुन्या शिरस्त्याप्रमाणे, नुसत्या अपोस्ट्रॉफीवर सोडण्यात आली. अमेरिकेतील वृत्तपत्रे मात्र बहुधा सर्वच सकारान्त विशेषनामांना दुसरा एस देत नाहीत. लंडनमधील सेंट जेम्सच्या उद्यानाच्या नावात तो आहे, न्यूकॅसलमधील त्याच संताच्या नावाच्या फुटबॉल मैदानात नाही. माझा कल फाउलरकडे आहे, कारण जे कानाला ऐकू येते ते कागदावर नाकारण्यात मला औचित्य दिसत नाही.

आमच्या शहरात या प्रकरणाचे नमुने रस्त्यावरच भेटतात. क्राइस्ट चर्च बॉइज या शाळेच्या नावात अपोस्ट्रॉफी एसच्या नंतर येतो, कारण तेथला एस अनेकवचनाचा आहे. शाळा एका मुलाची नव्हे, मुलांची. सेंट अलॉयशियस या नावाला महाविद्यालयाच्या पाटीवर षष्ठीची गरजच पडत नाही. संताचे नाव संस्थेला जसेच्या तसे दिले आहे. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना १५९१ साली, अवघ्या २३ व्या वर्षी, रोममध्ये देह ठेवलेल्या लुइजी गोन्झागाचे हे लॅटिन नाव. आणि लॅटिनमध्ये त्याची षष्ठी करताना शेवटचा सकार चक्क जातो, जसा ‘रामः’चा विसर्ग ‘रामस्य’मध्ये राहत नाही.

मराठी प्रत्ययापूर्वी नाव वाकविते: कालिदास, कालिदासाचे. परक्या नावांना ती ही सक्ती करीत नाही. हेस्टिंग्जचा असेच आपण म्हणतो, आणि जुने लोक तर ‘हेस्टिंग्जसाहेबांचा’ म्हणून विकाराचा सारा भार साहेबावर टाकीत. पण आमच्या मुलांच्या कानावर दिवसभर हिंदी असते. हिंदीत ‘कालिदास का’ म्हणताना नाव तसूभर हलत नाही, आणि मग मराठीतही ती ‘कालिदासचे’ लिहितात. तो लोपलेला आकार मला इंग्रजीतल्या चुकलेल्या अपोस्ट्रॉफीपेक्षा अधिक सलतो, कारण जबलपुरात तो जपणारी घरे फार नाहीत.

मी नातीला वाक्य मोठ्याने वाचावयास सांगितले. ‘हेस्टिंग्जिझ’ हा तिचा तिलाच उच्चार ऐकू आला, तशी तिने काही न विचारता दुसरा एस लिहिला. मग क्षणभर थांबून, दर रविवारी माझ्यासाठी एक पान लिहावयाची मराठीची वही तिने पुढे ओढली, मागचे पान काढले आणि ‘कालिदासचे नाटक’ यातील स-ला काना दिला.