ढगात पाणी की बर्फ?

आष्टी-पाटोद्याच्या माळावर श्रावणातले ढग पाहत बसणे हा जुनाच छळ आहे. सह्याद्रीवर ओझे उतरवून आलेले ढग बालाघाटाच्या डोंगरांवरून पूर्वेला सरकतात. सावली पडते, पाऊस पडत नाही. मराठवाड्यात २०१५ आणि २०१९ साली अशा ढगांवर विमानातून फवारणी झाली. लोक बोलले ते विमानांविषयी आणि खर्चाविषयी. ढगाच्या पोटात काय आहे, हे फार कुणी विचारले नाही.

खरे तर सारे त्यावरच अवलंबून. तापमान शून्याखाली गेले की पाणी लगेच गोठते, असे नाही. योग्य कणाचा आधार मिळाला नाही, तर ढगातले थेंब उणे वीस अंशांतही द्रवच राहतात. अशा अतिशीत थेंबांना गोठवायला सिल्व्हर आयोडाइड लागते. ढग आधीच बर्फाचा झालेला असेल, तर ते वाया जाते. उबदार ढगांसाठी मिठासारखे, ओल धरणारे कण वापरतात.

हाच प्रश्न ध्रुवीय आकाशातही पडतो. तिथे खाली पांढरे बर्फ, वर पांढरा ढग आणि हिवाळाभर अंधार. उपग्रहालाही फरक कळणे कठीण. म्हणून जमिनीवरून वर लेसर सोडतात. या यंत्राला लायडार म्हणतात. दीड किलोमीटरवरच्या ढगाला आपटून प्रकाश सेकंदाच्या एक लाखाव्या भागात परततो. त्या वेळेवरून ढगाची उंची मिळते. खरी गंमत पुढे आहे. सोडलेल्या प्रकाशाचे कंपन एकाच दिशेत असते. गोल थेंबावरून परतताना ती दिशा जवळपास तशीच राहते, बर्फाच्या पैलूदार स्फटिकांत मात्र ती बिघडते. किती बिघडली ते मोजले की पाणी की बर्फ हे कळते.

पूर्वी यासाठी खोलीभर सामान लागे. १९९०च्या दशकात नासाच्या संशोधकांनी दुबळे, डोळ्यांना अपाय न करणारे स्पंद सेकंदाला हजारोंनी सोडणारे छोटे लायडार बनवले. ग्रीनलँडच्या माथ्यावरील समिट केंद्रात २०१०पासून अशी यंत्रे चालू होती. जुलै २०१२मध्ये तिथल्या जवळजवळ सगळ्या हिमपृष्ठावर वितळण झाली, तेव्हा त्यांच्या नोंदींचा उपयोग झाला. द्रव थेंबांचे पातळ, सखल ढग ऊन आत येऊ देत होते आणि जमिनीची उष्णता अडवत होते. ते जाड असते, तर उन्हालाच अडवले असते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत १९८०च्या दशकापासून लायडार आहे. त्याचा रोख मुख्यतः हवेतल्या धूलिकणांवर होता. याच संस्थेने २०१८ आणि २०१९मध्ये सोलापूर परिसरात फवारणीचा शास्त्रशुद्ध प्रयोग केला. काही ढगांवर फवारायचे, काही मुद्दाम सोडायचे आणि दोन्हींची तुलना करायची, अशी त्याची रीत होती. सरासरी वाढ सुमारे १८ टक्के आढळली. पण ही वाढ निवडलेल्या ढगांची. निरभ्र आकाशातून पाऊस कुणीच काढलेला नाही.

बीडमध्ये लायडारने सगळे भागेल, असेही नाही. पावसाळी ढग इतका दाट असतो की लेसर काहीशे मीटर आत जाऊन विझतो. पुढे रडारच हवे. मात्र ढगाचा तळ किती उंच आणि त्याखालची हवा कशी, हे लायडार चांगले सांगतो. तळ उंच, हवा कोरडी असली की थेंब जमिनीवर पोचण्याआधीच सुकतात. पावसाच्या खंडात क्षितिजावर ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, त्या बहुधा अशाच वाटेत विरलेल्या सरी.