पाण्यात उभी राई

जायफळ म्हटले की बासुंदीवर किसलेले किंवा तान्ह्याच्या गुटीत उगाळलेले ते सुगंधी बी आपल्याला आठवते; परंतु त्याच जायफळाचे काही रानटी सगोत्र सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, जेथे बारमाही झऱ्याचे पाणी सपाटीवर येऊन मंदावते तेथे, चिखलात मुळे रोवून आजही उभे आहेत, ही वार्ता फार थोड्यांच्या कानी गेली असेल. वनस्पतिशास्त्रज्ञ या वसतिस्थानास ‘मिरिस्टिका दलदल’ म्हणतात. 1960 साली कृष्णमूर्ती यांनी त्रावणकोरकडील अशा वनाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि 1968 साली चँपियन व सेठ यांनी भारतीय वनप्रकारांच्या वर्गीकरणात त्यास स्वतंत्र स्थान दिले.

या वनाचा विस्तार म्हणजे तुटलेल्या माळेचे विखुरलेले मणी. दक्षिण केरळात कुळत्तुपुळा, अंचल व शेंदुरुणी या परिसरात त्यांतले बहुसंख्य मणी आहेत. तरीही त्या राज्यातील सर्व तुकड्यांचे क्षेत्र एकत्र केले तर ते जेमतेम दीड चौरस किलोमीटर भरते. पुढे बराच मुलूख ओलांडल्यावर उत्तर कन्नड जिल्ह्यात कत्तलेकान, म्हणजे ‘अंधारे रान’, लागते. गोव्यात सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई आहे. आणि सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे एक तुकडा आहे. माळ तुटली ती माणसाच्या हातून. दरीच्या तळाची जी सपाट, सुपीक, सदा ओली भूमी या वृक्षांस हवी, तीच भातशेतीस आणि पोफळीच्या बागेसही हवी असते, आणि या स्पर्धेत कुऱ्हाड शेतकऱ्याच्या हाती होती. देवाच्या नावाने राखलेल्या राईत मात्र फांदी तोडू नये अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. म्हणून गोव्यातील ती राई तरली. या वहिवाटीचे ऋण आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पाणी साचलेल्या मातीत प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि मुळांना तर श्वास हवा. या अडचणीवर या वृक्षांनी काढलेली तोड पाहून मन थक्क होते. मिरिस्टिका मॅग्निफिका हा वृक्ष खोडापासून तिरकी आधारमुळे खाली सोडतो, जणू मांडवाला चहूबाजूंनी टेकू दिले आहेत. तर त्याचाच कुलबंधू जिम्नॅक्रँथेरा कॅनारिका याची मुळे चिखलातून वर येतात, वाकतात आणि पुन्हा खाली शिरतात, त्यामुळे सारी जमीन दुमडलेल्या गुडघ्यांनी भरल्यासारखी दिसते. या गुडघ्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत जाते. म्हणूनच चर खणून पाणी काढून घेतले तर राई सुकते, आणि बांध घालून गुडघ्यांच्या वर पाणी तुंबवले तर ती गुदमरते. तिला हवे असते ते उथळ, सावकाश वाहणारे पाणी.

याहून गंभीर गोष्ट अशी की मिरिस्टिकाचे नर व मादी वृक्ष निरनिराळे असतात. तुकड्यात मोजके वृक्ष उरले आणि त्यांत नर नसला, तर मादी कितीही डेरेदार असो, तिला फळ धरणे नाही. फळ धरलेच, तर त्यातील लाल पत्रीने वेढलेले बी धनेशासारखा पक्षी उचलून नेतो. पण हे बी कोरडे पडले की अल्पावधीतच त्याची उगवणशक्ती जाते, आणि पक्ष्याने ते ज्या उतारावर टाकले तेथे पाणी नसेल तर सारे व्यर्थ.

हेवाळे-बांबर्डेच्या 2.59 हेक्टर क्षेत्रास सरकारने जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु दप्तरी नोंदलेली ती हद्द वृक्षांची आहे, पाण्याची नव्हे. झऱ्याचा उगम राईबाहेर, वरच्या डोंगरात असतो, आणि या तालुक्यातील अनेक डोंगरउतारांवर जुने जंगल जाऊन रबराची लागवड उभी राहिली आहे. तेव्हा मोजणीची साखळी राईच्या कुंपणाशी न थांबवता उगमापर्यंत न्यावयास हवी.