नॉब ते स्लायडर, व्हाया पंचकार्ड

१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या फॉक्सबरो कंपनीत जॉर्ज फिलब्रिक या इंजिनिअरने एक यंत्र बांधलं. कारखान्यातल्या टाक्या, झडपा आणि नियंत्रक यांचं वागणं त्यात विजेच्या दाबाने वठवलं होतं. मधोमध ऑसिलोस्कोपचा एकच गोल पडदा होता, म्हणून त्याला ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचं नाव मिळालं: पॉलिफेमस. नॉब फिरवला की पडद्यावरची रेघ तिथल्या तिथे हले. झडप उशिरा उघडली तर काय होईल, हे कागदावर न सोडवता डोळ्यांना दिसे.

पुढच्या अ‍ॅनालॉग संगणकांत ही सोय आणखी मुरली. तेच समीकरण सेकंदाला अनेकदा पुन्हा पुन्हा सोडवलं जाई, त्यामुळे उत्तराची रेघ पडद्यावर स्थिर उभी राही आणि नॉबबरोबर वाके. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बिल फिलिप्सने १९४९ मध्ये तर देशाची अख्खी अर्थव्यवस्था पारदर्शक टाक्या आणि रंगीत पाण्यात उभी केली. करांचा झोत वाढवा, पलीकडच्या टाकीत खर्चाचं पाणी उतरताना बघा. वैज्ञानिक सिम्युलेशनच्या नियंत्रणांचा इतिहास लोक माउसपासून सांगायला घेतात. मला तो इथूनच सुरू होताना दिसतो. हात आणि उत्तर यांत अंतर जवळजवळ नव्हतंच.

हे अंतर वाढवलं डिजिटल संगणकाने. त्याची अचूकता अ‍ॅनालॉगच्या कितीतरी पुढची होती, पण नॉब गेला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक १९६० मध्ये कामाला लागला आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला. त्या पिढीच्या मोठ्या यंत्रांची रीत सगळीकडे सारखीच होती: फोरट्रानचा प्रोग्रॅम कार्डांवर टोचायचा, गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि छापील कागदाची वाट पाहत बसायचं. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांगेत. या रीतीने वेळ तर जाईच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे प्रश्नांची जात बदले. उत्तर उद्या मिळणार असेल तर माणूस आज ‘बघू तरी काय होतं’ असं विचारत नाही. ज्याचं उत्तर साधारण ठाऊक आहे तेच तो विचारतो.

हरवलेला हात परत मिळवण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९६३ चा, आयव्हन सदरलँडच्या एमआयटीतल्या प्रबंधाचा. त्याच्या स्केचपॅडमध्ये प्रकाशलेखणीने पडद्यावर पुलाचा सांगाडा काढता येई, आणि भार दिल्यावर कुठल्या तुळईवर किती बल येतं ते आकडे तिच्याशेजारी उमटत. मात्र त्यासाठी लागणारा टीएक्स-२ संगणक प्रयोगशाळेबाहेर कुणाला मिळणार? ती कल्पना टेबलावर यायला दोन दशकं लागली.

आली तेव्हा तिच्यासोबत नवा पेच आला. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात रँडल स्मिथने ‘ऑल्टरनेट रिअ‍ॅलिटी किट’ केलं. त्यात पडद्यावर चित्रातला एक हात असतो, तो माउसने हलतो. वस्तू उचलली की तिची सावली पडते, सोडताना झटका दिला तर ती भिरकावली जाते. इथवर सगळं आपल्या जगासारखं. पण गुरुत्वाकर्षणाचा नियमही तिथे एक वस्तू म्हणूनच पडद्यावर पडलेला असतो, आणि त्यावर स्लायडर असतो. स्लायडर सरकवला की विश्वाचा नियमच बदलतो. स्मिथने १९८७ च्या लेखात मांडलेलं निरीक्षण आजही खरं आहे: जे जगासारखं वागतं ते कुणी न शिकवता जमतं, आणि जे जादूसारखं वागतं ते शिकावं लागतं. पण सामर्थ्य सगळं त्या जादूतच असतं. दगड फेकायला कुणी सॉफ्टवेअर घेत नाही, गुरुत्वाकर्षण बंद करायला घेतं. सिम्युलेशनचं प्रत्येक नियंत्रण आखताना ही ओढाताण होतेच.

१९८९ मध्ये डेव्हिड बझूकीचं इंटरॲक्टिव्ह फिजिक्स आलं, आणि शाळेतल्या संगणकावर स्प्रिंगा, दोऱ्या, उतार जोडता येऊ लागले. मुलांनी त्यात गृहपाठापेक्षा मोडतोड जास्त केली. याच बझूकीने पुढे रोब्लॉक्स काढलं.

उरी विलेन्स्कीच्या नेटलोगो या मॉडेल बांधण्याच्या साधनाने १९९९ मध्ये एक साधी शिस्त आणली. बटणं दोन, ‘सेटअप’ आणि ‘गो’, बाकी स्लायडर. त्यातलं वणव्याचं मॉडेल मी कुणालाही आधी दाखवतो. चौकटींच्या पटावर झाडं, डाव्या कडेला आग. आग शेजारच्या चार चौकटींतच पसरते, आणि स्लायडर एकच आहे, झाडांच्या दाटीचा. ५० टक्क्यांवर आग लवकरच विझते. ७० वर जवळजवळ सगळं रान जातं. बदल हळूहळू होत असेल असं वाटतं, पण तो ५९ टक्क्यांच्या आसपास एकदम होतो. पाठ्यपुस्तकातलं वाक्य वाचून ही गोष्ट मनाला पटत नाही. स्लायडर दोन घरं पुढे, दोन घरं मागे करून पटते. याचं श्रेय लेखकाने बाकी काय दिलं नाही याला जातं. वारा, ओलावा, डोंगरउतार यांचे स्लायडर सुरुवातीलाच दिले असते तर ५९ चा उंबरठा कुणाच्या हाती लागला असता? स्लायडर देणं म्हणजे एक प्रश्न विचारायला परवानगी देणं, आणि बाकीचे तूर्त बाजूला ठेवणं.

ही निवड सर्वांत बारकाईने केली ती कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरमधल्या ‘फेट’ प्रकल्पाने. कार्ल वीमन यांना २००१ चं नोबेल बोस-आइनस्टाइन संघनितासाठी विभागून मिळालं आणि २००२ मध्ये त्यांनी हा प्रकल्प सुरू केला. प्रकल्पातल्या लोकांनी केलेलं खरं काम मला वाटतं गप्प बसण्याचं आहे. विद्यार्थ्याला नवं सिम्युलेशन उघडून द्यायचं, ‘मनात येईल ते मोठ्याने बोल’ म्हणायचं आणि मदत करायची नाही. त्यातून दिसलेल्या गोष्टी आखणाऱ्यांचा अहंकार उतरवणाऱ्या होत्या. सूचना कुणी वाचत नाही. धरता येईल असं दिसणारं सगळं धरून पाहिलं जातं. सजावटीसाठी काढलेल्या ठिपक्यालाही अर्थ चिकटवला जातो. रेडिओ लहरींच्या सिम्युलेशनमध्ये सुरुवातीलाच सगळा पडदा क्षेत्राच्या बाणांनी भरला होता, तेव्हा विद्यार्थी बिचकले. आधी इलेक्ट्रॉन हाताने हलवायला दिला, तेव्हा ते आपण होऊन पुढे गेले. उघडल्याक्षणी काय दिसतं, हेही नियंत्रणच आहे.

त्यांच्या वायूच्या सिम्युलेशनमधली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. पंपाचा दांडा वरखाली केला की डब्यात रेणू शिरतात. डब्याखाली तापवण्या-गार करण्याचा स्लायडर आहे, आणि बोट उचललं की तो आपोआप मधोमध, शून्यावर परत येतो. डब्याची रुंदी सोडाल तिथे राहते, पण उष्णता देणं ही कृती आहे, हात असेल तोवरच चालणारी. स्लायडर तिथेच राहिला असता तर विद्यार्थी आकडे टिपेपर्यंत डबा तापतच राहिला असता. दाब फारच वाढला तर झाकण उडतं. चूक केल्यावर इशाऱ्याची खिडकी न उघडता भौतिकशास्त्रच उत्तर देतं. विजेच्या मंडलात शॉर्ट सर्किट केलं तर बॅटरीला आग लागते, तसंच.

त्याच मंडलाच्या सिम्युलेशनवर २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांनी पडद्यावर मंडलं जोडली ते विद्यार्थी खऱ्या तारा-बल्बवर शिकलेल्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत पुढे होते, आणि खरं मंडल जोडण्यातही. आपल्या कॉलेजच्या प्रॅक्टिकलला लूज कनेक्शन शोधण्यात अर्धा तास घालवलेल्यांना याचं फारसं नवल वाटू नये. पण लूज कनेक्शन शोधणं हीदेखील विद्याच आहे, आणि ती पडद्यावर शिकता येत नाही, हेही खरं.

नंतरचं दशक पाया बदलण्यात गेलं. ही सिम्युलेशनं ज्यांत लिहिलेली होती त्यांपैकी जावा ब्राउझरांनी सोडलं, फ्लॅशचा शेवट ३१ डिसेंबर २०२० ला झाला, आणि सगळं पुन्हा एचटीएमएल ५ मध्ये लिहावं लागलं. ते टॅब्लेटसाठीही लिहायचं होतं. माउसचा बाण वस्तूवर नेला की त्याचा पंजा होई, आणि ‘हे धरता येतं’ एवढं कळे. बोटाला ही सोय नाही. मग धरण्याजोगेपणा चित्रातच आणावा लागला, छाया देऊन, मूठ काढून. पुढे ज्यांना पडदा दिसत नाही त्यांचाही विचार सुरू झाला. गालिच्यावर पाय घासून दाराच्या मुठीला हात लावणाऱ्या माणसाचं जे सिम्युलेशन आहे, त्यात आता की-बोर्डवरून पाय हलवता येतो, आणि हात मुठीच्या किती जवळ आला ते आवाजातून कळतं. हे काम उशिरा सुरू झालं, पण मनापासून झालं.

हे सगळं विद्यार्थ्यांच्या वाट्याला आलं. खुद्द संशोधकांचं काय? चालू गणित मध्येच वळवता आलं पाहिजे, ही मागणी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनसाठी १९८७ मध्ये लिहिलेल्या अहवालातच आहे. तरी हवामानाचं मॉडेल चालवणारा आजही ‘नेमलिस्ट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फायलीत आकडे बदलतो, काम रांगेत लावतो आणि थांबतो. कार्डांच्या गठ्ठ्याचाच हा वारस. याला मागासलेपणा म्हणायची माझी तयारी नाही. फाइल जपून ठेवता येते, दुसऱ्याला पाठवता येते, सहा महिन्यांनी तेच गणित पुन्हा करता येतं. सरकवलेला स्लायडर कुठून कुठे गेला याची नोंद मात्र कुठेच राहत नाही, आणि पुन्हा करता न येणारा प्रयोग विज्ञानात चालत नाही.

म्हणून आजच्या साधनांत मला लक्षवेधी वाटतात ती दोन्ही टोकं बांधणारी. गणिताचे निकाल चित्रांत दाखवणाऱ्या पॅराव्ह्यूमध्ये नोंद सुरू केली की माउसने केलेल्या कृती पायथनच्या ओळींत लिहिल्या जातात. आणि नेटलोगोमध्ये स्लायडरच्या किमतींची यादी दिली की त्याची बिहेवियरस्पेस ही सोय प्रत्येक किमतीला मॉडेल चालवते, हवं तितक्या वेळा, आणि निकालांचा तक्ता हातात ठेवते. वणव्याच्या मॉडेलात दाटी ५५ पासून ६५ पर्यंत, प्रत्येक पायरीवर शंभर वेळा, असं सांगून ठेवायचं आणि जेवायला जायचं.